सरकार घरमालक असते तेव्हा

मुंबईतल्या जुन्या चाळीत दोन पिढ्या काढलेल्या बहुतेक कुटुंबांकडे एक प्लास्टिकची पिशवी असते. कपाटात साड्यांच्या घडीखाली किंवा माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत ती जपून ठेवलेली असते. तिच्यात पिवळ्या पडलेल्या भाडेपावत्या, विजेची जुनी बिले, रद्द झालेली शिधापत्रिका, आजोबांच्या मृत्यूचा दाखला आणि मतदारयादीच्या पानाची झेरॉक्स असते. भाडेकरार मात्र बहुधा नसतो. इमारत पाडायची वेळ आली, सर्वेक्षणाचे लोक दारात आले, की ही पिशवी बाहेर निघते आणि घरातल्या सगळ्यांचे भवितव्य एका प्रश्नावर येऊन ठेपते : खोली कुणाच्या नावावर आहे?

हा प्रश्न खासगी मालकाच्या चाळीत जितका अवघड असतो, त्याहून सरकारी चाळीत, महापालिकेच्या वसाहतीत आणि म्हाडाच्या संक्रमण शिबिरात, म्हणजे तात्पुरत्या घरांच्या वसाहतीत, अधिक अवघड असतो, ही गोष्ट फारशी बोलली जात नाही. घरमालक जेव्हा सरकार असते, तेव्हा भाडेकरू सर्वांत सुरक्षित असणार, अशी आपली समजूत असते. माझे म्हणणे नेमके उलट आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक घरात भाड्याने राहणाऱ्या माणसाच्या हाती खासगी घरातल्या भाडेकरूपेक्षा कमी लेखी हक्क आहेत. ही उणीव आपण मालकी हक्काच्या घराचे आश्वासन देऊन झाकत आलो आहोत आणि त्या आश्वासनाची वाट पाहण्यात माणसांचे आयुष्य निघून जाते.

मुंबईत भाडेकरूला कायद्याचे संरक्षण मिळाले ते पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस. महागाई आणि घरटंचाईच्या त्या दिवसांत १९१८ साली भाडेवाढीला आळा घालणारा युद्धकालीन कायदा आला. पुढे १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला आणि त्याने शहरातली भाडी मुख्यतः १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. मालकांनी त्यातून पळवाट काढली ती भाडेकराराऐवजी परवान्याची, म्हणजे आज ज्याला सगळे लिव्ह अँड लायसन्स म्हणतात त्या व्यवहाराची. परवानाधारकाला भाडेकरूचे संरक्षण नसल्यामुळे घर नावापुरते परवान्यावर देण्याची पद्धत इतकी फोफावली की, शेवटी १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा जागेत राहत असलेल्या परवानाधारकांना कायद्यानेच भाडेकरू ठरवावे लागले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळानुरूप राहिल्या नसल्याचे म्हटले आणि सध्या लागू असलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला.

या कायद्यावर टीका करण्यासारखे पुष्कळ आहे, पण सामान्य भाडेकरूला तो काय देतो हे एकदा शांतपणे वाचण्यासारखे आहे. भाडेकरू कायदेशीर भाडे आणि मान्य केलेली वाढ देत असेल किंवा देण्यास तयार असेल, तर कलम १५ प्रमाणे मालकाला घराचा ताबा मागता येत नाही. थकबाकी झाली तरी लेखी मागणीची नोटीस देऊन ९० दिवस थांबल्याशिवाय दावा लावता येत नाही. ताबा मागण्याची इतर कारणे कलम १६ मध्ये ठरवून दिलेली आहेत आणि ती न्यायालयात सिद्ध करावी लागतात. भाडे वर्षाला चार टक्क्यांनी वाढू शकते. पाणी, वीज, जिन्यातला दिवा, सफाई यांसारख्या अत्यावश्यक सोयी मालकाला तोडता येत नाहीत. घर राहण्याजोगे ठेवणे ही, वेगळा करार नसेल तर, मालकाची जबाबदारी आहे आणि त्याने ती टाळली तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून वर्षाच्या भाड्याच्या पावहिश्शापर्यंत खर्च वळता करून घेऊ शकतो. भाडे घेतले की पावती द्यावीच लागते. कलम ५५ तर मला या कायद्यातले सर्वांत शहाणे कलम वाटते. करार लेखी करण्याची आणि नोंदवण्याची जबाबदारी ते मालकावर टाकते, नोंदणी न करणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड सांगते आणि नोंदलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरे धरायला सांगते. दोघांपैकी दुबळा कोण आणि कागद करण्याची ताकद कुणाकडे असते, हे ओळखून लिहिलेले ते कलम आहे.

एवढे सगळे देणाऱ्या याच कायद्याचे कलम ३ सुरुवातीलाच सांगते की, सरकारच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या जागांना हा कायदा लागू नाही.

म्हणजे गिरगावातल्या खासगी चाळीतल्या माणसाला जे संरक्षण आहे, ते सरकारी चाळीतल्या माणसाला नाही. त्याच्यासाठी १९५५ चा सरकारी जागांतून निष्कासनाचा, म्हणजे घराबाहेर काढण्याचा, कायदा आहे, म्हाडाच्या गाळेधारकासाठी १९७६ च्या म्हाडा अधिनियमातली निष्कासनाची कलमे आहेत. भाडे थकले, पोटभाडेकरू ठेवला, शर्तीचा भंग झाला, की सक्षम प्राधिकारी नोटीस काढतो, म्हणणे ऐकतो आणि आदेश देतो. खासगी मालकाला लघुवाद न्यायालयात वर्षानुवर्षे हेलपाटे घालावे लागतात, ते सरकारला घालावे लागत नाहीत. यातला प्रत्येक अधिकारी वाईट असतो असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण ज्याची तक्रार आहे आणि जो निकाल देतो, ते दोघे एकाच शासनयंत्रणेतले असतील, तर भाडेकरूच्या हाती किमान अटींचा स्पष्ट कागद तरी असायला हवा. तोच नसतो. असते ते वाटपपत्र, त्यात भाडेकरूने काय करू नये याची यादी, आणि त्यानंतर दशकानुदशके निघत गेलेले शासन निर्णय व परिपत्रके. ती एकत्र कुठे मिळतील, हे चाळीतल्या माणसाला ठाऊक नसते आणि कार्यालयातल्या लिपिकालाही ते नेहमी सांगता येतेच असे नाही.

सरकारला या कायद्यातून वगळण्यामागचा तर्क समजण्यासारखा आहे. सरकार नफ्यासाठी घर देत नाही, म्हणून ते भाडेकरूला नाडणार नाही, असा त्यामागचा विश्वास. हा विश्वास मुंबईच्या इतिहासात कितपत टिकला, ते पाहावे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली मुंबई सुधार न्यास स्थापन झाला आणि त्याने कामगारांसाठी चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षे राहिले. पुढे १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात विकास विभाग निघाला आणि त्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड (आजचा ना. म. जोशी मार्ग) व शिवडी येथे २०७ चाळी उभ्या केल्या. त्याच आपल्या बीडीडी चाळी. तळमजला अधिक तीन मजले, दर मजल्यावर वीस खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची, मजल्याच्या मध्यावर सामायिक नळ आणि शौचालये. सुरुवातीला भाडे परवडत नव्हते आणि सिमेंटच्या त्या कोंदट खोल्या लोकांना नकोशा होत्या, म्हणून बऱ्याच खोल्या रिकाम्या पडून होत्या. नंतर मात्र गिरणी कामगार, पोलीस शिपाई, गोदी कामगार, कोकणातून आणि घाटावरून आलेली कुटुंबे त्यांत दाटीवाटीने राहिली आणि मालक म्हणून सार्वजनिक बांधकाम विभाग त्यांच्या पावत्या फाडत राहिला.

या चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन २०१७ साली झाले. १६० फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर मालकीने देण्याची ती योजना आहे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ रहिवाशांना चाव्या मिळाल्या. मला या गोष्टीचा मनापासून आनंद आहे. शंभर वर्षे सामायिक नळावर बादली लावलेल्या वस्तीत घरातच न्हाणीघर येणे म्हणजे काय, हे तिथे राहिलेल्यांनाच कळेल. पण हे घर भाडेकरूला हक्काने मिळाले नाही, धोरणाने मिळाले. वरळीच्या १२१, नायगावच्या ४२ आणि ना. म. जोशी मार्गाच्या ३२ चाळी योजनेत आल्या. शिवडीच्या १२ चाळी मागे राहिल्या, कारण त्यांच्याखालची जमीन मुंबई पोर्ट ट्रस्टची, म्हणजे केंद्राच्या अखत्यारीतली आहे. एकाच विभागाने, एकाच काळात, एकाच नकाशावर बांधलेल्या चाळी. त्यांतल्या भाडेकरूंनी भरलेले भाडेही तसेच. जमिनीच्या सातबाऱ्यावर कुणाचे नाव आहे यावर माणसाचे भवितव्य ठरले. करारात लिहिलेला हक्क असता, तर शिवडीच्या माणसाला निदान काय मागायचे ते तरी मागता आले असते.

आता नावाचा प्रश्न. भाडे नियंत्रण कायद्यात भाडेकरूच्या व्याख्येतच वारशाची सोय आहे : भाडेकरू वारला, तर मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारा कुटुंबीय भाडेकरू ठरतो, तसे कुणी नसेल तर वारस, आणि त्यांच्यात एकमत नसेल तर न्यायालय ठरवते. सरकारी घरात हे हस्तांतर व्हावे लागते. अर्ज करावा लागतो, वारसांची ना-हरकत पत्रे जोडावी लागतात, प्रतिज्ञापत्र करावे लागते आणि मग नाव लागते. ज्यांच्या घरात कुणी कार्यालयीन कामकाज जाणणारे आहे त्यांचे नाव लागते; बाकीच्यांची पावती पंचवीस-तीस वर्षे वारलेल्या माणसाच्या नावाने फाटत राहते, आणि भाडे घेणाऱ्यालाही त्यात काही वावगे वाटत नाही. पुनर्विकासाच्या वेळी मात्र तीच पावती अपात्रतेचे कारण होते. इतकी वर्षे भाडे स्वीकारणाऱ्या मालकाने, तू मला माहीतच नाहीस, असे म्हणावे, हे खासगी मालकाने केले असते तर आपण त्याला काय म्हटले असते?

यात सर्वांत जास्त भरडली जाते ती बाई. पावती सासऱ्याच्या नावे, नंतर नवऱ्याच्या नावे. नवरा वारला किंवा सोडून गेला, की दीर, नणंदा, गावाकडचे चुलते यांच्या सह्या गोळा करत ती फिरते. कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५ च्या कायद्याने सामायिक घर भाड्याचे असले तरी त्यात राहण्याचा तिचा हक्क मान्य केला आहे. पण तो हक्क नवऱ्याविरुद्ध आणि त्याच्या नातलगांविरुद्ध आहे; घरमालकाच्या नोंदवहीत तिचे नाव त्याने लागत नाही. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेच्या नियमात झोपडीधारकाशी होणारा करार पती आणि पत्नी या दोघांच्या संयुक्त नावाने करण्याची तरतूद कित्येक वर्षांपासून आहे. झोपडीतल्या बाईसाठी जे सरकारला सुचले, ते स्वतःच्या चाळीतल्या बाईसाठी सुचू नये, याचे मला दुःख वाटते, कारण यासाठी एक रुपयाही खर्च येणार नव्हता.

याहून कठीण स्थिती सफाई कामगारांची आहे. त्यांच्या वसाहतींतली घरे भाड्याची नाहीत, ती सेवानिवासस्थाने आहेत. म्हणजे नोकरी आहे तोवर घर आहे. माणूस निवृत्त झाला किंवा ड्युटीवर असताना वारला, की त्याच्या कुटुंबाने घर रिकामे करायचे. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला त्याच कामात नोकरी मिळू शकते. ती शिफारस कामगारांच्या हितासाठीच झाली आणि तिने हजारो घरे उपासमारीतून वाचवली. पण ती आणि सेवानिवासस्थानाचा नियम एकत्र ठेवून पाहा. घर वाचवायचे असेल, तर घरातल्या एकाने झाडू हाती घ्यायलाच हवा. बारावी झालेला मुलगा, नर्सिंगला जायचे म्हणणारी मुलगी, यांच्यासमोर घरातली मोठी माणसे हात जोडतात, कारण नाहीतर सगळ्यांनाच रस्त्यावर यावे लागेल. जात आणि घर यांची अशी गाठ एखाद्या खासगी मालकाने भाडेकरारात घातली असती, तर ती कोणत्याही न्यायालयात टिकली नसती. महापालिकेच्या आश्रय योजनेत या वसाहती नव्याने आणि मोठ्या बांधल्या जात आहेत, हे चांगलेच आहे. पण घर नोकरीपासून सुटून भाडेकराराला जोडले जात नाही, तोवर भिंती नव्या होतील आणि गाठ तीच राहील.

आणि मग संक्रमण शिबिरे. मुंबई शहरात १९,६४२ उपकरप्राप्त इमारती मोजल्या गेल्या होत्या. त्यांच्या दुरुस्तीसाठी १९६९ साली कायदा होऊन मंडळ आले, भाडेकरू आणि मालक उपकर भरू लागले. इमारत धोकादायक ठरली किंवा कोसळली, की रहिवाशांना तात्पुरते संक्रमण शिबिरात पाठवायचे, नवी इमारत बांधायची आणि परत आणायचे, अशी ती व्यवस्था. तात्पुरते या शब्दाने काय केले ते सायन, धारावी, गोरेगाव, मालवणी, मागाठाणे इथल्या शिबिरांत जाऊन पाहावे. तिथे जन्मलेल्या मुलांची लग्ने झाली आहेत. मूळ जागेवर कधी इमारतच झाली नाही, कधी झाली ती इतकी लहान की सगळे मावले नाहीत, कधी भूखंडच इतका अरुंद की बांधणे शक्य नव्हते. अशांची नावे बृहत्सूचीत, म्हणजे कायमच्या घराची वाट पाहणाऱ्यांच्या यादीत, चढतात आणि ते वाट पाहतात. काहींनी कंटाळून मुखत्यारपत्रावर गाळा दुसऱ्याला दिला, काही रिकाम्या गाळ्यांत लोक घुसले, आणि आता मूळ रहिवासी, मुखत्यारपत्राने आलेले आणि घुसखोर अशा तीन रांगा तिथे झाल्या आहेत. या तिन्हींचे काय करायचे, यावर पुष्कळ चर्चा होते. पण मुळात तात्पुरते पाठवलेल्या माणसाच्या हाती परत आणण्याची तारीख लिहिलेला कागद का नव्हता, हा प्रश्न मागेच पडतो. भाडेकरूने भाडे किती तारखेच्या आत भरायचे हे लिहिलेले असते. मालकाने त्याला घरी केव्हा न्यायचे, ते लिहिलेले नसते.

या सगळ्यावर आपल्याकडे ठरलेले उत्तर आहे : सगळ्यांना मालकच करून टाका. पन्नासच्या दशकात औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित घरयोजना आली, गृहनिर्माण मंडळाने टिळकनगर, कन्नमवारनगर यांसारख्या वसाहती उभारल्या. ती घरे पुढे सोसायट्यांच्या नावावर गेली. १९९५ नंतर झोपडपट्टी पुनर्वसनात मोफत मालकीचे घर आले. २००८ साली महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना काढली, तेव्हा खरे तर पुन्हा सार्वजनिक भाड्याच्या घरांकडे वळण्याची संधी आली होती. ती घरे शेवटी प्रकल्पग्रस्तांकडे, लॉटरीने गिरणी कामगारांकडे आणि करोनाकाळात विलगीकरणाकडे गेली. भाडेकरू म्हणून नव्याने शहरात आलेला माणूस त्यांत जवळजवळ दिसलाच नाही. गिरणी कामगारांना घर मिळण्याविषयी माझी तक्रार नाही, त्यांचे देणे शहराने आधीच फेडायला हवे होते. पण दर वेळी भाड्याचे घर मालकीचे होते, आणि दर वेळी पुढच्या गरजूसाठी भाड्याचे घर एकाने कमी होते.

शिवाय मालकीच्या या वाटपात जो खरोखर भाडोत्री आहे, तो कुठेच नाही. झोपडीत खोली भाड्याने घेऊन दहा वर्षे राहिलेल्या रिक्षाचालकाचे किंवा घरकाम करणाऱ्या बाईचे नाव झोपडीच्या कागदावर नसते. पात्रता मिळते ती कागद असलेल्याला. भाडोत्री उठतो आणि दुसऱ्या झोपडीत, थोडे लांब, थोडे जास्त भाडे देऊन राहू लागतो. २०२० च्या टाळेबंदीत लाखो श्रमिक पायी गावाकडे निघाले, त्यामागे रोजगाराइतकेच भाड्याचे कारण होते. त्यानंतर त्याच वर्षी केंद्राने परवडणाऱ्या भाडे-गृहसंकुलांची योजना मंजूर केली, आणि २०२१ साली आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा राज्यांपुढे ठेवला. त्या मसुद्यात लेखी करार सक्तीचा आहे, निवासी घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित आहे. आणि त्यानेही सरकारी मालकीच्या जागा वगळल्याच आहेत. सार्वजनिक पैशाने भाड्याची घरे बांधायची आणि सार्वजनिक घरमालकाला भाडेकरूच्या कायद्यातून सूट द्यायची, ही दोन्ही कामे आपण एकाच वेळी करतो आहोत.

ब्रिटनमध्ये नेमका हाच प्रश्न होता. तिथले भाडे नियंत्रणाचे कायदेही नगरपालिकांच्या भाडेकरूंना लागू नव्हते, आणि कारणही हेच सांगितले जाई की लोकनियुक्त घरमालकावर बंधन कशाला? १९८० च्या गृहनिर्माण कायद्याने त्या भाडेकरूंना एकाच वेळी दोन गोष्टी दिल्या. एक होती घर सवलतीत विकत घेण्याचा हक्क. दुसरी होती सुरक्षित भाडेपट्ट्याची : न्यायालयाच्या आदेशाशिवाय घर जाणार नाही, जोडीदाराला किंवा सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला वारसा मिळेल, अटी लेखी कळवल्या जातील, वसाहतीच्या व्यवस्थापनात बदल करण्याआधी विचारले जाईल. जगभर गाजली ती पहिली. तिने लाखो कुटुंबे मालक झाली आणि सार्वजनिक घरांचा साठा आटत गेला. पुढे स्कॉटलंडने २०१६ साली आणि वेल्सने २०१९ साली तो खरेदीचा हक्क संपवला. दुसरी गोष्ट मात्र तशीच राहिली, आणि स्कॉटलंडने तर २००१ च्या कायद्याने नगरपालिका आणि गृहनिर्माण संस्था या दोघांच्याही भाडेकरूंसाठी एकच सुरक्षित भाडेपट्टा केला, ज्यात लेखी करार देणे घरमालकावर बंधनकारक आहे. आपण त्या दोनांपैकी मोडीत निघालेली तेवढी उचलली.

या म्हणण्यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. भाडेकरूला अति संरक्षण दिल्यानेच मुंबईच्या इमारती कुजल्या, असे कितीतरी जाणकार म्हणतात. दक्षिण मुंबईत मोठ्या घराचे भाडे एका जेवणाच्या किमतीइतके राहिले, मालकाने दुरुस्ती सोडली, छत कोसळले, माणसे मेली. हे खरे आहे. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मिसळल्या आहेत. घरातून अकारण काढले न जाण्याचा हक्क एक, आणि भाडे गोठवणे दुसरे. इमारत कुजवली ती दुसऱ्या गोष्टीने, पहिल्याने नव्हे. सार्वजनिक घरात या दोन गोष्टी वेगळ्या करणे सर्वांत सोपे आहे, कारण तिथे भाडे ठरवणारे सरकारच आहे. भाडे देखभालीच्या खर्चाशी आणि कुटुंबाच्या ऐपतीशी जोडून दर काही वर्षांनी वाढवावे, त्याचा हिशेब वसाहतीच्या फलकावर लावावा. लोक कुरकुर करतील, पण भरतील. आज नाममात्र भाडे घेऊन दुरुस्ती न करण्याचा जो मूक समझोता आहे, त्यात दोघांचाही तोटा आहे. भाडे इतके कमी घेतो, मग गळतीची तक्रार कसली, असे उत्तर ज्याने एकदा ऐकले, तो पुन्हा तक्रार घेऊन जात नाही.

दुसरा आक्षेप गैरवापराचा. सरकारी घर स्वस्तात घ्यायचे, स्वतः दुसरीकडे राहायचे आणि जास्त भाड्याने पोटभाडेकरू ठेवायचा, हे सर्रास चालते. हक्क वाढवले तर हेही वाढेल. मला वाटते, गैरवापर अंधारात वाढतो. ज्या घराच्या नोंदी मृत माणसाच्या नावावर आहेत, तिथे खरा राहणारा कोण हे मालकालाच माहीत नसते, आणि मग दलाल व मुखत्यारपत्र यांना जागा मिळते. दर पाच वर्षांनी नूतनीकरण होणारा, त्यात राहणाऱ्या सगळ्या प्रौढांची नावे असणारा नोंदणीकृत करार असेल, तर घुसखोर सहज ओळखू येईल आणि प्रामाणिक कुटुंबाला घुसखोर ठरण्याची भीती राहणार नाही.

असा करार कसा असावा याचा मसुदा करायला फार विद्वत्ता लागत नाही. तो मराठीत, चार पानांत, मोठ्या अक्षरात असावा आणि त्याची एक प्रत घरात राहावी. पती-पत्नी दोघांची नावे त्यावर असावीत. एक वारल्यास दुसऱ्याचे नाव अर्जाशिवाय, केवळ मृत्यूच्या दाखल्यावर कायम व्हावे, आणि त्यानंतर सोबत राहणाऱ्या मुलाला, मुलीला किंवा सुनेला वारसा मिळावा. गळती, ड्रेनेज, जिना, वीज यांच्या दुरुस्तीची मुदत दिवसांत लिहावी, आणि ती पाळली नाही तर खासगी भाडेकरूप्रमाणे भाड्यातून खर्च वळता करण्याची मुभा असावी. निष्कासनाचा आदेश त्या विभागाबाहेरच्या न्यायिक अधिकाऱ्यानेच द्यावा. ज्या मुद्द्यावर माझा सर्वांत जास्त आग्रह आहे तो स्थलांतराचा : इमारत रिकामी करून घेताना परतीची तारीख, परतीचे क्षेत्रफळ आणि तारीख चुकल्यास द्यायची भरपाई करारात लिहिल्याशिवाय कुणालाही उठवू नये.

हे सगळे करण्यासाठी भाडे नियंत्रण कायद्याचे कलम ३ बदलायला हवे, निदान निवासी भाडेकरूंपुरते. तेवढी राजकीय इच्छा आज दिसत नाही. पण कायदा बदलेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. आपल्या भाडेकरूला लेखी करार देऊ नये, असे कोणत्याही कायद्याने सरकारला सांगितलेले नाही. सुरुवात संक्रमण शिबिरांपासून करता येईल, कारण तिथल्या मूळ रहिवाशांची नावे, जुन्या इमारतीचा पत्ता आणि गाळा क्रमांक मंडळाच्या दप्तरात आधीच आहेत. प्रत्येक गाळ्यात एक प्रत पोचवायची, सही घ्यायची, आणि परतीच्या तारखेची जागा कोरी न ठेवता भरायची. ती तारीख दहा वर्षांनंतरची असली तरी चालेल. ती वाचून शिबिरातली आई निदान एवढे ठरवू शकेल की, मुलीचे नाव इथल्या शाळेत घालायचे की परतण्याची वाट पाहायची.